शाळेतली प्रार्थना आणि पालकांची संमती : नागपूरच्या एका पालकाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी नागपुरातल्या एका खाजगी अनुदानित शाळेत सहावीत आहे. रोजच्या परिपाठात एकाच धर्माची स्तोत्रं म्हटली जातात. दर गुरुवारी शेवटच्या तासिकेला ‘संस्कार वर्ग’ असतो आणि त्याचा शेवट शाळेच्या आवारातल्या देवळात आरतीने होतो. घर बौद्ध आहे. वर्गशिक्षिका म्हणतात, सगळ्यांना सक्तीचं आहे, प्रगतिपुस्तकात त्याचा शेरा असतो. अमेरिकेत म्हणे शाळा आणि धर्म वेगळे ठेवलेत, आपल्याकडे तसा कायदा नाही का? आणि मुलीला यातून सूट कशी मिळेल?

सूट मिळते, आणि ती मागण्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. पण बहुतेक पालक मागणीच चुकीची करतात. “हे धार्मिक आहे, बंद करा” असं म्हणत मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेलात की चर्चा धर्म म्हणजे काय, संस्कृती म्हणजे काय, आमच्या शाळेची परंपरा किती वर्षांची, या वळणावर जाते आणि दिवाळीची सुट्टी येते तरी संपत नाही. “आमची संमती नाही, आमच्या पाल्याला यातून वगळा” असं लेखी दिलंत तर मात्र शाळेला नाही म्हणायला जागा उरत नाही. आपल्या राज्यघटनेत हा विषय संमतीवर उभा आहे.

अमेरिकेची तुलना आधी बाजूला काढू, कारण तिने गोंधळच वाढतो. तिथे १९६२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सरकारी शाळांमधली एक छोटीशी प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. तिच्यात कुठल्याही पंथाचं नाव नव्हतं आणि नको असेल त्या मुलाला गप्प राहायची मुभा होती, तरीही ती टिकली नाही. सरकारी शाळेने प्रार्थना सांगायचीच नाही, मग पालक राजी असोत वा नसोत. पण त्याच गावात एखाद्या चर्चने स्वतःच्या पैशाने शाळा चालवली आणि रोज सक्तीची प्रार्थना ठेवली, तर ती घटना तिथे हात लावत नाही. आपल्याकडे सरकारी शाळांपुरता नियम जवळपास तसाच आहे. खाजगी शाळांच्या बाबतीत मात्र आपली घटना अमेरिकेच्या पुढे जाते आणि थेट वर्गात शिरते.

ते कसं, हे कलम २८ मध्ये आहे. त्याची तीन पोटकलमं पैशाच्या हिशेबाने वाचावीत. पहिलं : जी शाळा पूर्णपणे शासनाच्या निधीवर चालते तिथे धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही. म्हणजे जिल्हा परिषदेची, महापालिकेची, शासकीय शाळा. इथे सगळ्या पालकांनी सह्या करून दिल्या तरी उपयोग नाही, संमतीने हा दोष धुतला जात नाही. दुसरं : शासन फक्त कारभार पाहतं, पण मूळ संस्था एखाद्या दानपत्राने किंवा न्यासाने स्थापन झाली आहे आणि त्या न्यासातच धार्मिक शिक्षणाची अट आहे, तर पहिलं पोटकलम तिला लागत नाही. अशा संस्था थोड्या आहेत, तुमच्या कामाचं हे नाही. तिसरं तुमचं : शासनाची मान्यता असलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या कुठल्याही संस्थेत, स्वतःची संमती असल्याशिवाय आणि विद्यार्थी अज्ञान (म्हणजे वयाने लहान, अठरा वर्षांखालचा) असेल तर पालकाची संमती असल्याशिवाय, कोणालाही धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येणार नाही. संस्थेत आणि ‘तिला जोडलेल्या वास्तूत’ असे शब्द तिथे आहेत. देऊळ शाळेच्या इमारतीत नाही, मागच्या आवारात आहे, हा बचाव त्या शब्दांपुढे टिकत नाही. चॅपल असो, नमाजाची खोली असो, नियम तोच.

‘मान्यता असलेल्या किंवा’ यातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. एक पैसा अनुदान न घेणारी, सीबीएसईशी संलग्न, लाखभर फी घेणारी शाळासुद्धा मान्यतेमुळे तिसऱ्या पोटकलमात येते. “आम्ही विनाअनुदानित आहोत, आमचे नियम आमचे” हे वाक्य ऐकलंत तर वाद घालू नका, अर्जात फक्त शाळेचा मान्यता क्रमांक लिहा.

संविधान सभेत यावर ७ डिसेंबर १९४८ रोजी चर्चा झाली, तेव्हा मसुद्यात हे कलम २२ होतं. डॉ. आंबेडकरांनी सरकारी शाळेत धार्मिक शिक्षण का नको याची जी कारणं दिली ती आजही अर्ज लिहिताना उपयोगी पडतात. सगळ्यांच्या करातून आलेला पैसा एका समाजाच्या धर्मासाठी वापरायचा नाही, हे आपण आधीच मान्य केलंय, हे पहिलं. देशात धर्म आणि पंथ इतके आहेत की प्रत्येकाची सोय लावणं शाळेला अशक्य, हे दुसरं. आणि तिसरं त्यांच्या खास रोखठोक पद्धतीचं : प्रत्येक धर्म मोक्षाचा खरा मार्ग फक्त आपलाच असं सांगतो, तेव्हा ते एका छपराखाली शिकवले तर शाळेची शांतता राहणार नाही.

आता तुमची शाळा नेमकी कुठल्या खणात बसते ते पाहा. पाटीवरून किंवा नावावरून ठरवू नका. यू-डायसचा, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदीचा, अकरा अंकी क्रमांक (महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो) घेतलात की व्यवस्थापनाचा प्रकार कळतो. शिक्षकांचे पगार शासनाच्या ‘शालार्थ’ या पगारप्रणालीतून होत असतील तर शाळा अनुदानित किंवा अंशतः अनुदानित आहे. खाजगी संस्थेची शाळा पगाराचं १०० टक्के अनुदान घेत असली, तरी इमारत आणि व्यवस्थापन संस्थेचं असल्यामुळे ती साधारणपणे ‘पूर्णपणे शासकीय निधीवर चालणारी’ धरली जात नाही. म्हणून तुमचा आधार २८(३), २८(१) नव्हे. अर्जात २८(१) लिहिलंत तर शाळेचा वकील पहिल्याच परिच्छेदात तुम्हाला चूक ठरवेल.

नागपुरात आणखी एक गाठ असते : अल्पसंख्याक दर्जा. लोकांना वाटतं अल्पसंख्याक म्हणजे मिशनरी किंवा उर्दू शाळा. पण दर्जा भाषेवरूनही मिळतो आणि तो राज्य हा घटक धरून ठरतो, त्यामुळे महाराष्ट्रात हिंदी आणि सिंधी भाषकांच्या संस्थासुद्धा भाषिक अल्पसंख्याक असू शकतात. नागपुरात अशा शाळा बऱ्याच आहेत. याचा परिणाम असा की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ‘प्रमाती’ निकालानुसार शिक्षण हक्क कायदा, २००९ अल्पसंख्याक शाळांना लागूच होत नाही, मग त्या अनुदानित असोत वा नसोत. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन तो मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली आहे. पण तेवढ्याने प्रमाती रद्द होत नाही. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना संस्था स्थापून चालवण्याचा हक्क दिला आहे, मात्र २८(३) मधली संमतीची अट त्यांनाही तितकीच लागू आहे. म्हणून शाळेचा दर्जा माहीत नसेल तर अर्ज फक्त घटनेवर उभा करा, शिक्षण हक्क कायदा दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

कशाला हरकत घेता येते आणि कशाला नाही, इथे पालकांचे अर्ज सगळ्यात जास्त घसरतात. धर्माचं शिक्षण आणि धर्माविषयीचं शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये पंजाबातल्या डीएव्ही कॉलेजच्या प्रकरणात गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे असं म्हटलं. २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात सगळ्या धर्मांची ओळख करून देणारा अभ्यासक्रम कलम २८ मध्ये अडकत नाही असा निर्णय दिला. तेव्हा मराठीच्या पुस्तकातला अभंग, इतिहासातला भक्तिसंप्रदायाचा धडा, परीक्षेत त्यावर आलेला प्रश्न, यांना हरकत घेऊ नका. ती टिकणार नाही, आणि खऱ्या हरकतीचं वजनही तिच्यासोबत जाईल. तुमच्या प्रकरणात गुरुवारची आरती ही सरळ उपासना आहे. ‘संस्कार वर्गा’त काय चालतं हे मुलीच्या वहीवरून पाहा : गोष्टी आणि वर्तनाचे नियम असतील तर ते मूल्यशिक्षण, पूजाविधी आणि स्तोत्रपठणाचा गृहपाठ असेल तर धार्मिक शिक्षण. परिपाठातली स्तोत्रं मधल्या पट्ट्यात येतात. केंद्रीय विद्यालयांमधल्या संस्कृत-हिंदी प्रार्थनेला आव्हान देणारी याचिका जानेवारी २०१९ मध्ये घटनापीठाकडे सोपवली गेली, म्हणजे सर्वोच्च न्यायालयालाही हा प्रश्न वरवर सुटणारा वाटलेला नाही.

हात जोडण्याबद्दल मात्र आपल्याच उच्च न्यायालयाचा आधार आहे. नाशिकमधल्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला म्हणून संस्थेने त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशी सक्ती मूलभूत हक्काचा भंग करते असं ठरवलं. जे शिक्षकावर लादता येत नाही ते अकरा वर्षांच्या मुलीवर लादता येतं, असा युक्तिवाद कुणाला करायचा असेल तर करू द्या. शिक्षक स्वतः अशा अडचणीत असतील तर एवढं लक्षात ठेवा : बडतर्फी किंवा पदावनतीसारखी कारवाई झाली, तर १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावं लागतं. साध्या मेमोवर तिथे जाता येत नाही.

राष्ट्रगीत हा वेगळा विषय आहे. १९८६ मध्ये केरळातल्या तीन भावंडांच्या प्रकरणात, श्रद्धेमुळे राष्ट्रगीत न गाता आदराने शांत उभं राहणाऱ्या मुलांना शाळेतून काढता येणार नाही असा निकाल झाला. त्यातला ‘आदराने उभं’ हा भाग विसरू नका. परिपाठातून सूट मागताना राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका यांना मुलगी हजर राहील असं स्वतःहून लिहा. नाहीतर अर्जाचं रूपांतर ‘राष्ट्रगीताला विरोध’ या अफवेत व्हायला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटं पुरतात.

अर्ज करण्याआधी प्रवेश अर्जाची तुमच्याकडची प्रत काढा. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात बहुधा असं काही असतं : “शाळेचे सर्व नियम, उपक्रम व परंपरा आम्हांस मान्य असून पाल्यास त्यात सहभागी होणे बंधनकारक राहील.” शाळा यालाच तुमची संमती म्हणते. माझ्या मते ही २८(३) ची संमती नाही. कशाला हो म्हणतोय ते माहीत असल्याशिवाय संमती होत नाही, आणि प्रवेशाच्या रांगेत केलेली सरसकट सही धार्मिक उपासनेबद्दल काहीच सांगत नाही. पण यावर वाद घालत बसण्यापेक्षा अर्जात एक वाक्य घाला की अशी संमती दिली आहे असं समजलं जात असेल तर ती आजपासून मागे घेत आहोत. विषय तिथेच मिटतो.

अर्ज एका पानाचा ठेवा. मजकूर साधारण असा :

“माझी पाल्य (नाव, इयत्ता ६ वी, तुकडी, हजेरी क्रमांक) हिने परिपाठातील स्तोत्रपठणात, तसेच दर गुरुवारच्या संस्कार वर्गातील पूजा व आरतीत सहभागी होण्यास किंवा त्या वेळी हजर राहण्यास भारतीय राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार माझी संमती नाही. पूर्वी अशी संमती दिली आहे असे समजले जात असल्यास ती या अर्जाद्वारे मागे घेत आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा व उद्देशिकेच्या वाचनास ती उपस्थित राहील. सदर वेळेत तिला वाचनालयात किंवा शिक्षकांच्या देखरेखीखाली अन्यत्र बसण्याची व्यवस्था करावी. या कारणावरून तिच्या हजेरीत, मूल्यमापनात वा प्रगतिपुस्तकात प्रतिकूल नोंद होऊ नये. केलेल्या व्यवस्थेबाबत सात दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती.”

दोन प्रती न्या, कार्यालयात लिपिकाकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. “ठेवून जा, सरांना दाखवतो” असं म्हणाले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा. पोच नसलेला अर्ज हा अर्जच नव्हे. शिक्षिकेचं नाव लिहू नका, त्या संस्थेचा आदेश पाळत असतात आणि रोज तुमच्या मुलीसमोर त्याच उभ्या असतात. अर्ज मुलीच्या दप्तरातून पाठवू नका. आणि उपक्रम सगळ्यांसाठी बंद करा ही मागणी या अर्जात घालू नका : इतर पालकांनी संमती दिली असेल तर खाजगी शाळेत तो उपक्रम चालू राहू शकतो, त्यांचाही हक्क आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत ही मागणी योग्य ठरली असती.

देखरेखीचं वाक्य लोक गाळतात आणि मग पस्तावतात. सूट मिळते, पण मूल पस्तीस मिनिटं व्हरांड्यात उभं राहतं, वर्गातली पोरं विचारतात काय शिक्षा झाली, आणि महिनाभरात मूलच घरी म्हणतं की नको तो अर्ज. अशी सूट शिक्षेसारखीच असते. शाळेला शिक्षण हक्क कायदा लागू असेल तर त्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. मुद्दाम एकटं पाडण्याचा प्रकार झाला तर तारीखवार नोंद ठेवा.

शाळा ‘हा अभ्यासाचा भाग आहे’ म्हणाली तर तासांचा हिशेब मागा. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० अध्यापन तास ठरवले आहेत. परिपाठातली स्तोत्रं दहा मिनिटांची धरली तर वर्षाचे ३६ तास ४० मिनिटं होतात. गुरुवारची ३५ मिनिटांची तासिका ३६ आठवडे धरली तर आणखी २१ तास. म्हणजे ५७ तासांच्या वर. हे १००० तासांत मोजले आहेत का, एवढाच प्रश्न लेखी विचारा. ‘हो’ म्हणाले तर अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवण्याचा अधिकार राज्याच्या शैक्षणिक प्राधिकरणाचा आहे, संस्थेचा नाही, आणि त्या अभ्यासक्रमात आरती नाही. ‘नाही’ म्हणाले तर तो जादा उपक्रम झाला, मग प्रगतिपुस्तकातला शेरा कशाच्या आधारावर? दोन्ही उत्तरं तुमच्या कामाची आहेत, म्हणूनच बहुधा उत्तर येत नाही. अशा वेळी माहितीचा अधिकार वापरा : दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. अनुदानित शाळेत अर्ज थेट शाळेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, विनाअनुदानित असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे, तिथे उपलब्ध असलेल्या कागदांसाठी.

सात दिवसांत काही हललं नाही तर पुढची पायरी सिव्हिल लाइन्समधली जिल्हा परिषद. पाचवीपर्यंत किंवा आठवीपर्यंतच्या शाळेसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), हायस्कूलला जोडलेल्या वर्गांसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक). कुठला कक्ष ते ठरत नसेल तर दोघांच्या नावे एकच पत्र द्या, म्हणजे टेबलावरून टेबलावर फिरण्यात पंधरा दिवस जाणार नाहीत. शाळा शहरात असेल तर महापालिकेच्या शिक्षण विभागालाही प्रत द्या, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खालची तक्रार ‘स्थानिक प्राधिकरणा’कडे करायची असते आणि तीन महिन्यांत निकाल देणं त्याच्यावर बंधनकारक असतं. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. अल्पसंख्याक शाळा असेल तर कलम ३२ वर वेळ घालवू नका, शिक्षणाधिकाऱ्यांचं उत्तर किंवा मौन हातात आलं की राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका हाच मार्ग. तिथपर्यंत प्रकरणं क्वचित जातात. पोचपावती आणि शिक्षणाधिकाऱ्यांचं ‘खुलासा सादर करावा’ असं एक पत्र एवढ्यावर बहुतेक संस्था शांतपणे व्यवस्था करून देतात.

पोलीस ठाण्यात जाऊ नका. धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार दोन्ही बाजूंना करता येते, आणि एकदा ती झाली की शाळेत मुलीचं काय हा प्रश्न सगळ्यांच्या अजेंड्यावर शेवटचा राहतो. नावांवरूनही भांडू नका. नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना, १९३० च्या दशकाच्या शेवटी, रविशंकर शुक्लांनी खेड्यांसाठी ‘विद्या मंदिर’ योजना आणली. दान मिळालेल्या शेतजमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी अशी कल्पना होती. ‘मंदिर’ या शब्दाला मुस्लिम लीगने आक्षेप घेतला आणि जमीन, उत्पन्न, गुरुजींचा पगार हे सगळं मागे पडून वाद त्या एका शब्दाभोवती फिरत राहिला. ‘संस्कार वर्ग’ या नावाला तुमची हरकत असेल, असू द्या. अर्ज आरतीबद्दल करा.

उत्सवाच्या वर्गणीबद्दलही विचारलं जातं. तिथे लोक कलम २७ टाकतात, ते चूक : ते करांबद्दल आहे. वर्गणी ही ऐच्छिक असते, सक्तीने घेतली तर तो फीचा विषय होतो आणि पावती मागितली की बहुतेकदा ती ऐच्छिक होते. हिजाब, टोपी, कडं यांचा प्रश्न गणवेशाच्या अंगाने जातो, कलम २८ च्या नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं विरुद्ध पडली, त्यामुळे तिथे आज पक्कं उत्तर नाही.

एक सावधगिरी खास तुमच्यासारख्या घरांसाठी. अशा वादात चिडून काही पालक शाळेच्या दाखल खारीज (प्रवेश-नोंदीच्या) रजिस्टरमधला धर्माचा रकाना कोरा ठेवायला सांगतात. ‘धर्म नाही’ असं म्हणण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला आहे, हे खरं. पण अनुसूचित जातीच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि १९९० पासून बौद्ध यांनाच आहे. पुढे जात पडताळणी समितीसमोर शाळेचं रजिस्टर हाच पहिला पुरावा मागतात. आज रागाने कोरा ठेवलेला रकाना बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी वकिलाची फी मागतो. रजिस्टरला हात लावू नका.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. अर्ज पहिल्या आठवड्यातच द्या, कारण तासिकांचं वेळापत्रक तेव्हाच पक्कं होत असतं आणि वाचनालयाची गुरुवारची तासिका रिकामी आहे का ते तेव्हाच बघता येतं. पुढच्या वर्षी वर्गशिक्षक बदलले की जुन्या अर्जाची पोच असलेली प्रत जोडून नवा अर्ज द्या. नव्या शिक्षकांना मागच्या वर्षीचं कुणी सांगितलेलं नसतं.